लॉकच्या दारातला नारळ

कालवा म्हणजे काय, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि आम्ही धरणाच्या पायथ्याशी, खात्याच्या वसाहतीत राहायचो. उन्हाळ्यात शेतीच्या पाण्याची पाळी सुटली की बाबा दिवसभर जीपमध्ये असायचे. पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतापर्यंत पोचलं की नाही, यावर त्या रात्रीचा त्यांचा मूड ठरायचा. आमच्या कालव्यात म्हशी डुंबायच्या, बायका गोधड्या धुवायच्या. होडी मात्र मी त्यात कधी पाहिली नाही. इंग्लंडमध्ये लीड्सला आल्यावर माझ्या फ्लॅटच्या मागून जाणाऱ्या कालव्यात लांबट, रंगवलेल्या होड्या सरकताना दिसल्या, तेव्हा मी बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"शेतांना पाणी कुठून देतात?"

"नाही देत बाबा. हा फक्त होड्यांसाठी आहे."

"एवढं पाणी? नुसतं उभं? आणि कोणी मोर्चा काढत नाही?"

मी इथे एका सरकारी शाळेत इतिहास शिकवते. त्या वेळी माझं पहिलं वर्ष होतं आणि कॉन्ट्रॅक्ट जुलैपर्यंतचं होतं. पुढे ठेवायचं की नाही ते शाळा उन्हाळ्यात ठरवणार होती. ठेवलं तर व्हिसा, नाही ठेवलं तर परत. निर्णय डेप्युटी हेडच्या, म्हणजे उपमुख्याध्यापिकेच्या, हातात होता. पन्नाशीची, उंच बाई, चष्मा कायम डोक्यावर. ती माझे तास मागच्या बाकावर बसून बघायची. मार्चमधल्या तासानंतर तिने मला सांगितलं, "विषय तुला उत्तम येतो. पण तू वर्गाशी बोलत नाहीस. तू भिंतीशी बोलतेस, आणि वर्ग आपापसात बोलतो."

ते खरं होतं. माझा आवाज लहानपणापासून बारीक. कॉन्व्हेंटमध्ये तो गुण समजला जायचा. इथे तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही. त्यात मी स्वतःबद्दल काहीच बोलत नसे. बाकीचे शिक्षक मुलांना आपल्या कुत्र्यांच्या, फुटबॉलच्या, बिघडलेल्या बॉयलरच्या गोष्टी सांगायचे आणि मुलं ऐकायची. मला एकदा कोणीतरी विचारलं, "मिस, तुम्ही घरी काय खाता?" मी म्हटलं, "सँडविच." डब्यात भेंडीची भाजी होती. आपलं घर शाळेत आणायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आणलं की कोणीतरी त्याला हात लावणार, वास घेणार, नाक मुरडणार. त्यापेक्षा सँडविच बरं.

जूनमध्ये डेप्युटी हेडला माझा शेवटचा तास बघायचा होता, आणि तो वर्गात नव्हता. आठवीला आम्ही कालवे आणि वाफेच्या बोटी शिकवत होतो, आधी इंग्लंडमधल्या, मग अमेरिकेतल्या. डेप्युटी हेडच म्हणाली की मुलांना कालव्यावर ने, एका लॉकमधून होडी वर चढताना दाखव, आणि तिथेच काठावर उभी राहून अमेरिका शिकव. "उघड्यावर भिंत नसते," ती म्हणाली. ती थट्टा होती की धमकी, ते मला कळलं नाही.

त्याच सुमाराला आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले होते. मी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तासाची तालीम करायचे. श्रोते ते दोघं.

आमच्या त्या टेबलावर अमेरिका नवीनच होती. समुद्रकाठी शहरं, मध्ये डोंगर, आणि डोंगरापलीकडे सुपीक जमीन. पलीकडे धान्य मुबलक पिकायचं, पण खडबडीत रस्त्यांवरून घोडागाड्यांनी ते किनाऱ्यापर्यंत आणायचं म्हणजे धान्याच्या किमतीपेक्षा वाहतूकच महाग पडायची. नद्या होत्या, पण नदी एकाच दिशेला वाहते. ओहायो नदीकाठचे शेतकरी लाकडाचा सपाट तराफा बांधायचे, त्यावर पिठाची पिंपं आणि खारवलेलं मांस लादायचे आणि प्रवाहाबरोबर आठवडेच्या आठवडे खाली जायचे, थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत. तिथे माल विकायचे. तराफा प्रवाहाविरुद्ध वर नेणं शक्य नसायचं, म्हणून तोही मोडून लाकूड म्हणून विकायचे.

"मग परत कसे यायचे?" बाबांनी विचारलं. त्यांचा घास हातातच राहिला होता.

"चालत."

"एवढं?"

"हो. जंगलातून. मग वाफेच्या बोटी आल्या, तेव्हा प्रवाहाविरुद्ध जाता यायला लागलं. माणसं बोटीत बसून घरी येऊ लागली."

"हे आधी सांग," बाबा म्हणाले. "मुलांना हे आधी सांग. बाकीचं मग."

आईला मात्र दुसरीच गोष्ट आवडली. ईरी नावाच्या मोठ्या सरोवरापासून हडसन नदीपर्यंत, हातांनी, कुदळ-फावड्याने खणलेला तो कालवा पुरा झाला, तेव्हा तिथला गव्हर्नर सरोवराच्या पाण्याचं पिंप होडीत घालून न्यूयॉर्कला गेला आणि ते पाणी त्याने समारंभाने समुद्रात ओतलं.

"म्हणजे कावडच की गं," आई म्हणाली. "काशीची गंगा रामेश्वराला घालतात तसं."

"किंवा आमचं जलपूजन," बाबा म्हणाले. "धरण भरलं की मंत्री यायचे. साडी, खण, नारळ. फोटोग्राफर आला नसेल तर थांबायचे."

"तुझी मुलं होडीत बसणार का?" आईने मध्येच विचारलं.

"निम्मी."

"पोहता येतं त्यांना?"

"आई, लाइफ जॅकेट असतं."

"ते असू दे. पाण्याची ओटी भरायला हवी. परक्याची पोरं आहेत, आणि तुझीही परीक्षाच."

मी पानावरून वर पाहिलं. "आई, प्लीज. काहीही करू नकोस. तिथे असं करत नाहीत."

"बरं बाई," आई म्हणाली. ती "बरं बाई" म्हणते तेव्हा तिचं ठरलेलं असतं, हे मला आठवायला हवं होतं. दोन दिवसांनी बाबा बसने लांबच्या इंडियन दुकानात जाऊन आले, तेव्हाही मी काही विचारलं नाही. सुपरमार्केटमधले नारळ बोडके असतात, शेंडी काढून टाकलेली, अशी आईची तक्रार मी आदल्या आठवड्यात ऐकली होती. मी वर्कशीटच्या मागे होते.

ट्रिपच्या सकाळी मी उठले तेव्हा दोघं फिरून परतसुद्धा आली होती. आईने माझ्या हातावर दही-साखर ठेवली. "सगळं नीट होईल," ती म्हणाली, जणू तिने कोणाशी बोलून ठेवलं होतं.

लॉक शाळेपासून बसने जवळ होतं, माझ्या फ्लॅटपासून तर चालत जाण्याइतकं. लॉक म्हणजे होडीसाठी पाण्याचा जिना. दगडी, उभट टाकी, दोन्ही टोकांना लाकडी दारांची जोडी. खालून होडी आत घ्यायची, मागची दारं लावायची, वरून झडप उघडून टाकी भरायची. पाण्याबरोबर होडी वर येते, मग पुढची दारं उघडून ती निघून जाते. दाराच्या दोन फळ्या सरळ रेषेत मिटत नाहीत. नमस्काराला हात पुढे करावेत तशा, टोक वरच्या पाण्याकडे करून एकमेकींना टेकतात. मग पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. हाताचं बोट शिरेल एवढी फट राहिली तरी उपयोग नाही.

निम्मा वर्ग मदतनीस बाईंबरोबर होडीत होता. होडी एका ट्रस्टची होती. चालवणारा माणूस मागे उभा, आणि लॉकची दारं बघायला सत्तरीच्या एक स्वयंसेवक बाई लाल लाइफ जॅकेट घालून काठावर. उरलेला वर्ग माझ्याबरोबर काठावर होता आणि थोडी मागे डेप्युटी हेड, चष्मा आता नाकावर.

मी सुरुवात केली. अमेरिका, डोंगर, धान्य. एक विमान गेलं. कोणीतरी बदकाला चिप्स टाकल्या. दोघी एकमेकींच्या केसांची वेणी घालत होत्या. मी बोलत राहिले आणि माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. भिंत नव्हती, तरी मी भिंत शोधून काढली होती. लॉकच्या पलीकडच्या दगडांकडे बघून बोलत होते.

होडी आत आली. लॉकवरच्या बाईंनी मुलांना दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलायला सांगितलं. दोन्ही बाजूंनी मुलं रेटायला लागली, दारं हळूहळू फिरली, आणि टेकायच्या आधीच थांबली.

"ढकला, ढकला! नाश्ता केला नाही का कोणी?" बाई ओरडल्या. मुलं लाल झाली. दारं हलेनात. "असू दे. कधी कधी पाणीच लावून देतं." त्यांनी वरच्या बाजूला जाऊन झडप थोडी उघडली. पाणी घोंगावत आत आलं, दारं करकरली, एकमेकींकडे दाबली गेली. तरी मध्ये वीतभर फट राहिली, आणि त्या फटीतून पाणी फवाऱ्यासारखं खाली पडायला लागलं.

दाराजवळच्या कठड्यावरून एक मुलगी वाकून बघत होती. चेहऱ्यावर ठिपके असलेली, वर्गात कायम खिडकीबाहेर बघणारी. ती किंचाळली.

"मिस! डोकं आहे! माणसाचं डोकं!"

मग सगळेच किंचाळले. खाली होडीतली मुलं काही न दिसताच किंचाळली. डेप्युटी हेड पळत पुढे आली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "सगळे मागे व्हा. आत्ता." तिचा रंग उतरला होता.

"रक्त आहे त्याच्यावर!" कोणीतरी म्हणालं.

मीही पाहिलं. दोन फळ्यांच्या मध्ये, पाण्याच्या वर थोडं आलेलं, तपकिरी, गोल, ओले केस चिकटलेले. त्यावर पिवळा डाग. पिवळ्यावर लाल बोटं ओढलेली.

हळद आणि कुंकू. डोकं नव्हतं म्हणून आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच पुढचं सगळं दिसलं. आई सकाळी लॉकच्या खालच्या पुलावरून हात जोडून नारळ सोडतेय. बाबा शेजारी उभे आहेत, कोणी बघत नाही ना हे बघत. नारळ तरंगत राहिलाय, मग आमच्या होडीने त्याला ढकलत आत आणलंय.

गप्प राहता आलं असतं. नारळच आहे, कोणीतरी टाकला असेल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण डेप्युटी हेडने फोन बाहेर काढला होता आणि ती बाईंना विचारत होती, "पोलिसांना बोलवायचं का?"

मी म्हटलं, "तो नारळ आहे." कोणालाच ऐकू गेलं नाही. पाण्याचा आवाज, त्यात मुलं.

मग मी ओरडले. आयुष्यात तशी कधी ओरडले नव्हते. "तो नारळ आहे! माझ्या आईचा!"

लॉकच्या दगडांनी तो आवाज परत पाठवला. होडीतलं सगळं गप्प झालं. काठावरचं गप्प झालं. वेणी घालणाऱ्या दोघी वेणी सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. डेप्युटी हेडने फोन खाली घेतला.

"तुमच्या आईचा," ठिपक्यांची मुलगी म्हणाली, "नारळ."

"हो."

"तुमची आई कालव्यात नारळ का टाकते?"

"तुम्ही आज होडीत बसणार होतात म्हणून."

"आम्हाला गिफ्ट?"

"तुम्हाला नाही. पाण्याला. आमच्याकडे पाण्यावर जायच्या आधी पाण्याला काहीतरी देतात. सांभाळून ने म्हणून."

"आणि त्यानेच आम्ही अडकलो!" खालून होडीतून एक आवाज आला, आणि सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं होतं त्या हसण्यात काटा असेल. नव्हता.

बाईंनी झडप बंद केली. आता दोन्हीकडचं पाणी सारखं होईपर्यंत थांबायचं होतं. दाब गेल्याशिवाय फळ्या हलणार नव्हत्या. इतकी शांतता मला वर्षभरात मिळाली नव्हती, आणि ती वाया घालवायची माझी हिंमत नव्हती. मी बाबांचं ऐकलं. तराफे आधी सांगितले. खाली वाहत जायचं, तराफा मोडून विकायचा.

"मग परत कसे यायचे?" कोणीतरी विचारलं. शब्द न् शब्द तोच.

"चालत," मी म्हटलं. मग वाफेची बोट सांगितली. लाकूड जाळणारी, नदीतल्या बुडालेल्या झाडांवर आपटणारी, कधी बॉयलर फुटून उडणारी, तरीही लोक तिच्यात चढत, कारण ती त्यांना प्रवाहाविरुद्ध घरी नेत होती. कालव्यात मात्र वाफेपेक्षा घोडे आणि खेचरंच बरी वाटत. बोट जोरात गेली की तिच्या लाटा मातीचे काठ खातात. "मग काठ फुटला की?" मी विचारलं आणि त्या फटीतून पडणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. ते मला वर्कशीटवर समजावता आलं नसतं.

आणि मग पिंप. गव्हर्नर, सरोवराचं पाणी, समुद्र.

ठिपक्यांच्या मुलीने कपाळाला आठी घातली. "म्हणजे त्याने तुमच्या आईसारखंच केलं."

"साधारण."

"पण त्याचं काही अडकलं नाही."

"नाही. तो गव्हर्नर होता. त्याच्याकडे माणसं होती."

पाणी सारखं झालं. बाईंनी आकडी लावलेला लांब बांबू घालून नारळ ओढून काढला, आणि फुटबॉलमध्ये गोल झाल्यासारखा जल्लोष झाला. दारं मिटली. झडप उघडली. दगडी खड्ड्यातून वर्गमित्रांची डोकी हळूहळू वर येताना बघून काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. डेप्युटी हेड अजून काही बोलली नव्हती.

बाईंनी निथळणारा नारळ कॅरिअर बॅगेत घालून माझ्या हातात दिला. "आईला परत दे, लव्ह. लंडनकडे म्हणे पुष्कळ सापडतात. माझा पहिलाच."

बसकडे चालताना डेप्युटी हेड माझ्या शेजारी आली. "वेळेचं नियोजन कोसळलं," ती म्हणाली. "वर्कशीट एकानेही भरलं नाही. कालव्यांचा खर्च, करार, काहीच झालं नाही."

"हो," मी म्हटलं. हातातली पिशवी माझ्या पायाला ओली लागत होती.

"आणि पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "आईंना सांग, लॉकपासून जरा लांब."

मी काही विचारलं नाही. विचारलं तर ती ते परत घेईल अशी भीती वाटली. बसमध्ये बसून मी ते दोन शब्द मनात धरून ठेवले, पुढच्या वर्षी, जसं भरलेलं भांडं हिंदकळू न देता धरतात. शुक्रवारी तिने मला ऑफिसात बोलावून रीतसर सांगितलं, शाळा मला ठेवतेय. मी "थँक यू" म्हटलं. बाहेर येऊन कॉरिडॉरमधल्या थंड रेडिएटरला टेकून उभी राहिले. सप्टेंबरमध्ये रुजू झाल्यापासूनचं ओझं उतरत होतं.

पण ट्रिपच्या त्या संध्याकाळी हे पक्कं कळायचं होतं. घरी आले तर आईने दारातच विचारलं, "मुलं सुखरूप पोचली ना घरी?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. आईने आत बघितलं, मग बाबांकडे बघितलं.

"अहो, हा आपलाच का?"

"शेंडी बघ," बाबा म्हणाले. "मी दुकानात दहा उलटेपालटे करून घेतला होता."

मी सगळं सांगितलं. माणसाचं डोकं, रक्त, पोलीस. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई हसली नाही. तिचा चेहरा पडला होता. "माझ्यामुळे तुझी नोकरी गेली असती."

"गेली नाही ना. उलट त्यांनी ऐकलं माझं, आई. सगळ्यांनी."

"तरी मी म्हणत होतो," बाबा म्हणाले, "गेटच्या खाली टाकू नकोस. तीस वर्षं गेटांवर काढली मी. पण माझं कोण ऐकतं?"

"तुम्ही म्हणालात, कोणी बघत नाहीये तोवर टाक!"

"ते नंतर."

आता या नारळाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. वाहिलेला नारळ खायचा नाही. कचऱ्यात टाकायचा नाही. कालव्यात परत सोडायला मी जन्मात परवानगी देणार नव्हते. दोन-तीन दिवस तो खिडकीत बसून होता. शेवटी बाबाच म्हणाले, "समुद्रात सोडू. समुद्राला दारं नसतात."

शनिवारी, म्हणजे नोकरीचं पक्कं कळल्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही ट्रेनने समुद्रकाठच्या स्कारबरोला गेलो. मांडीवर पिशवी घेऊन आई बसली होती. मी यॉर्क यायच्या आधीच झोपले आणि समुद्र दिसेपर्यंत उठले नाही.

जून असूनही वारा बोचरा होता. आईने चपला काढल्या, पाणी पायाला लागल्यावर "अगं आई गं" म्हणाली, नारळाला पुन्हा हळद-कुंकू लावलं आणि लाटेत सोडला. लाटेने तो परत आणला. तिने पुन्हा सोडला. पुन्हा आला.

"ओहोटी बघून यायला हवं होतं," बाबा म्हणाले.

तिसऱ्या खेपेला तो जरा आत गेला. आईने हात जोडले, डोळे मिटले. तेवढ्यात एक ओला, लांब केसांचा कुत्रा सुसाट आला, पाण्यात शिरला आणि नारळ शेंडीने तोंडात धरून ऐटीत बाहेर आला. मागून त्याची मालकीण धापा टाकत, आम्हा तिघांकडे, हळद-कुंकवाकडे बघत आली.

"आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली. "हे तुमचं आहे का?"

"हो," मी म्हटलं, वाऱ्यातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "माझ्या आईचं आहे."